अंगावरून सोंग

अंबरनाथचं शिवमंदिर पाहायला येणारे बहुतेक लोक सरळ सभामंडपात शिरतात, पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जातात, पिंडीला हात लावून बाहेर येतात. बाहेरची भिंत प्रदक्षिणेच्या ओघात दिसेल तेवढीच. खरा मजकूर त्या भिंतीवर आहे. इथल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० असा काळ दिलेला आहे. छित्तराज शिलाहाराच्या वेळी सुरू झालेलं काम मुम्मुणीच्या, म्हणजे लेखातल्या मामवाणी राजाच्या कारकिर्दीत पुरं झालं असं मानतात. साडेनऊशे पावसाळे झेललेला काळा पाषाण, शेजारून वाहणारी वालधुनी (हल्ली तिला वाहणारी म्हणणं जिवावर येतं) आणि भिंतीवर दाटीवाटीने उभे देव, अप्सरा, गण, वादक.

या गर्दीत कोण कोण आहे हे ओळखायला दरवेळी हातातली आयुधं पाहावी लागत नाहीत. अंगकाठीच सांगते. कंबर मुठीत मावेल अशी, अंग तीन ठिकाणी वळलेलं, पाय लांब, ती सुरसुंदरी. खांदे रुंद, पोट सपाट, उभं राहणं निवांत, तो देव. आखूड पायांचा, पोट सुटलेला, डोळे वटारलेला, तो गण. नाच गणालाही येतो, आणि या घडणीच्या देवळांत तो बहुधा सुरसुंदरीपेक्षा जास्त जोशात नाचताना दिसतो. पण मधली जागा त्याला मिळत नाही. तो कडेला, खाली, नाहीतर खांबाच्या माथ्यावर छताचा भार पेलत बसलेला.

पाथरवटाने हे मनाने केलेलं नाही. त्याच्याकडे तालमान नावाचं मोजमाप होतं. हनुवटीपासून केसांच्या रेषेपर्यंत चेहऱ्याची जी लांबी, तो एक ताल. थोर देव नऊ किंवा दहा ताल उंच, माणूस आठ, गणपती पाच, बुटके गण चार. चालत्याबोलत्या माणसाचं डोकं त्याच्या उंचीच्या सातव्या-आठव्या हिश्शाएवढं असतं आणि तान्ह्या मुलाचं चौथ्या. म्हणजे देवाला माणसापेक्षा लहान डोकं आणि लांब हातपाय दिले की तो दिव्य दिसतो, गणाला बाळाचं प्रमाण दिलं की तो गमतीदार दिसतो. दर्जा हाडांच्या हिशेबात बसवलेला आहे.

हा हिशेब इथेच संपला असता तर तो शिल्पशास्त्राचा विषय राहिला असता. पण जिवंत माणसांच्या रंगमंचावरही तोच चालतो, आणि जगात सर्वांत काटेकोरपणे चालतो तो बॅलेमध्ये. तिथे नर्तकाचं अंग आणि त्याचा रंगमंचावरचा वावर पाहून त्याच्या वाट्याची पात्रं ठरतात, आणि पुष्कळदा ती आयुष्यभरासाठी ठरतात.

आपल्याकडे याचा लेखी पुरावा बॅलेच्या कितीतरी आधीचा आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात भूमिकावाटपावर स्वतंत्र अध्याय आहे. देवाची भूमिका कोणाला द्यावी? जो फार लठ्ठ नाही, फार रोड नाही, फार उंच नाही, फार ठेंगू नाही, ज्याचा आवाज गोड आहे. राक्षस कोणाला? ज्याचं शरीर दांडगं, आवाज मेघासारखा, भुवया चढलेल्या. विदूषक बुटका, पुढे आलेल्या दातांचा, कुबडा, टकला असावा. नंदिकेश्वराचा अभिनयदर्पण आणखी पुढे जातो. नृत्यासाठी कोण चालणार नाही याची त्याने यादीच दिली आहे, आणि तीत अतिस्थूल, अतिकृश, अतिउंच, अतिठेंगण्या, विरळ केसांच्या, जाड ओठांच्या, आवाज नसलेल्या सगळ्या आल्या. भरतनाट्यमच्या परीक्षेला बसणाऱ्या मुली यातले अभिनयाचे श्लोक घोकतात. ही यादी बाई वर्गात शिकवतात की नाही, ते ज्याच्या त्याच्या बाईंवर.

तरी नाट्यशास्त्राला एकदम धारेवर धरू नये, कारण त्याच अध्यायात दुसरी वाटही सांगितली आहे. नटाचं आणि पात्राचं वय, लिंग, रूप जुळलं तर ती अनुरूपा. पोराने म्हातारा किंवा म्हाताऱ्याने पोर रंगवलं तर ती विरूपा. पुरुषाने स्त्री किंवा स्त्रीने पुरुष उभा केला तर ती रूपानुरूपा. जीव एक देह सोडून दुसऱ्यात शिरतो तसं नटाने आपलं अंग बाजूला ठेवून पात्रात शिरावं, असं भरताचं म्हणणं आहे. एका हाताने अंगाची अट घातली आणि दुसऱ्या हाताने ती मोडायची परवानगीही दिली. आपल्या परंपरेत ही दोन्ही कलमं शेजारी शेजारी आहेत, आणि आपण सोयीचं तेवढं वाचतो.

आता बॅले. चौदावा लुई स्वतः नाचणारा राजा होता. १६५३ मध्ये, चौदा वर्षांचा असताना, रात्रभर चाललेल्या दरबारी बॅलेत तो सूर्य होऊन आला. १६६१ मध्ये त्याने नृत्याची राजअकादमी स्थापन केली. पुढच्या शतकात पॅरिसच्या ऑपेरात नर्तकांचे तीन वर्ग पक्के झाले. पहिला गंभीर किंवा उदात्त, म्हणजे राजे आणि देव. या नर्तकाला ‘दाँसर नोब्ल’ म्हणतात. तो उंच, लांब पायांचा, संथ आणि भारदस्त चालीचा. दुसरा ‘देमी-कॅरॅक्टेर’, म्हणजे मधला. हा मध्यम चणीचा, चपळ, उड्या आणि गिरक्यांत वाकबगार. तिसरा विनोदी, म्हणजे शेतकरी, खलाशी, भुतं. हा गुटगुटीत, दणकट, ठेक्यावर पाय आपटणारा. नर्तकाच्या या नेमलेल्या खात्याला फ्रेंचमध्ये ‘आंप्ल्वा’ म्हणतात, आणि हा शब्द आजही रशियन शाळांत रोजच्या वापरात आहे. १७६० मध्ये बॅलेवर आपली पत्रं छापणाऱ्या नोव्हेरने या खात्यांची चर्चा केली. पुढे ओग्युस्त व्हेस्त्रिस नावाच्या अचाट नर्तकाने तिन्ही खाती एकत्र कालवली तेव्हा जुन्या जाणत्यांनी नाकं मुरडली.

यातलं काही निव्वळ सरंजामी आहे, हे उघड आहे. सरदार सावकाश चालतो आणि कुणबी उड्या मारतो, हे दरबाराने ठरवलेलं. पण सगळंच तसं नाही. काही भाग हाडामांसाचा आहे, आणि तो समजून घेतल्याशिवाय बॅलेवाल्यांना दोष देणं अन्यायाचं होईल.

लोंबकळणाऱ्या पायाचा झोका लंबकासारखा असतो. लांबी वाढली की वेळ वाढतो, पण वर्गमुळाच्या प्रमाणात. पाय वीस टक्के लांब असेल तर त्याला एका झोक्याला सुमारे दहा टक्के जास्त वेळ लागतो. दहा टक्के ऐकायला थोडे वाटतात. पण वाद्यवृंद एका लयीत वाजतोय आणि त्या लयीत हवेत पाय पायावर तीन वेळा आपटून खाली यायचंय, तेव्हा ते दहा टक्के म्हणजे उशीर. गिरकीचंही तेच. अंग जितकं आटोपशीर तितकी गिरकी जलद. उलट, संथ लयीत एक पाय हळूहळू कानापर्यंत न्यायचा असेल तर लांब पायाने काढलेली रेघ शेवटच्या रांगेतून दिसते, आखूड पायाची दिसत नाही. त्यामुळे उंच नर्तकाला संथ नाच आणि बुटक्याला जलद नाच मिळतो, यात कुणाचा दुस्वास नाही.

जोडीचंही गणित आहे. नर्तकी पॉइंट शूजवर, म्हणजे बोटांच्या टोकांवर उभी राहिली की तिची उंची पाच-सहा इंचांनी वाढते. तिला कमरेला धरून फिरवायचं, डोक्यावर उचलायचं, तर जोडीदार तेवढा उंच आणि खांद्यांत बळकट लागतो. पाच फूट आठ इंचांच्या मुलीला नायिका होण्याइतकं कसब असलं तरी जोडीला सहा फुटी नायक कंपनीत नसेल तर तिची राणी होते, आई होते, नाहीतर दुष्ट परी होते.

आणि खुबा. बॅलेत पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं लागतं, आणि ते वळण घोट्यातून नव्हे, मांडीचं हाड जिथे खुब्याच्या खोबणीत बसतं तिथून यायला हवं. खोबणी किती खोल, हाडाचा माथा कोणत्या कोनात, हे जन्माने आणि वाढीच्या पहिल्या वर्षांत ठरतं. सरावाने स्नायू ताणता येतात, हाड नाही. म्हणून सेंट पीटर्सबर्गच्या व्हागानोव्हा अकादमीत साधारण दहाव्या वर्षी मुलांना आधी तपासतात: खुबा किती उघडतो, पावलाची कमान कशी, धडाच्या मानाने पाय किती लांब, मान किती, डोकं केवढं. अमेरिकेत बॅलेची नवी घडी बसवणाऱ्या जॉर्ज बॅलेंशिनला डोकं लहान, मान लांब, पाय लांब अशा नर्तकी आवडत. आपल्या पाथरवटाने ऐकलं असतं तर मान डोलावली असती: नवताल मागतोय हा.

मात्र हाडाचा हिशेब कुठे संपतो आणि चित्राचा हट्ट कुठे सुरू होतो, ती रेघ बॅलेवाले सहसा दाखवत नाहीत. जलद नाचाला आटोपशीर अंग बरं, हे मान्य. पण राजपुत्राने प्रेमात पडताना उंच असावं, हे कोणत्या लंबकाने सांगितलं?

उदाहरणं पाहू. पाव्हेल गेर्द्त हा रशियाच्या राजरंगभूमीवरचा आदर्श राजपुत्र होता. १८९५ मध्ये ‘स्वान लेक’ नव्याने बसवला तेव्हा तो पन्नास वर्षांचा होता. त्याला नायिकेला उचलणं पेलणारं नव्हतं, म्हणून राजपुत्राचा मित्र बेन्नो हे पात्र पुढे करून तिला सांभाळण्याचं काम त्याच्याकडे दिलं. राजपुत्र मात्र गेर्द्तच राहिला, कारण तो राजपुत्र दिसत होता. उलट टोकाला एन्रिको चेकेत्ती. हा इटालियन ठेंगणा आणि विजेसारखा. १८९० मध्ये ‘स्लीपिंग ब्यूटी’च्या पहिल्या प्रयोगात त्याने एकाच रात्री दोन पात्रं केली: आकाशात झेपावणारा निळा पक्षी, आणि लुगडंपोलकं म्हणावं अशा वेषातली दुष्ट परी काराबॉस. राजपुत्र सोडून बाकी सगळं त्याला देता येत होतं.

निजिन्स्की तर त्या काळचा सर्वांत मोठा नर्तक. साडेपाच फुटांच्या आतला, मांड्या पैलवानी. १९११ मध्ये त्याने गाजवलेली पात्रं कोणती? गुलाबाच्या फुलाचा आत्मा आणि जत्रेतला पेत्रुश्का नावाचा भुशाचा बाहुला. पुढच्या वर्षी अर्धा बकरा, अर्धा माणूस असलेला वनदेव. माणूस म्हणावं असं त्यात एकही नाही. मिखाईल बारिश्निकोव्हच्या उंचीवरून रशियातल्या किरोव्ह कंपनीत त्याला मधल्या खात्यात टाकलं गेलं होतं. १९७४ मध्ये कॅनडाच्या दौऱ्यात तो परत गेलाच नाही, आणि पश्चिमेच्या प्रेक्षकाने त्याला नायक म्हणून डोक्यावर घेतलं. त्याची उंची एका इंचानेही वाढली नव्हती. बघणारे बदलले होते.

नर्तकींमध्ये हा विभाग देहापेक्षा स्वभावावर जास्त होता. पॅरिसमध्ये १८३० च्या दशकात मारी ताल्योनी म्हणजे धुक्यासारखी, जमिनीला पाय न लागणारी, आणि फॅनी एल्स्लर म्हणजे मातीची, रक्ताची. समीक्षक तेओफील गोत्येने एकीला ख्रिस्ती नर्तकी म्हटलं आणि दुसरीला मूर्तिपूजक. पुढे दीडशे वर्षं नर्तकींची वाटणी अशीच चालली: हिला परी द्या, तिला जिप्सी द्या. याच गोत्येने १८३८ मध्ये पॅरिसला आलेल्या खऱ्या भारतीय देवदासी पाहिल्या. पाँडिचेरीजवळच्या तिरुवेंदिपुरमचा तो ताफा, त्यातल्या अम्मनी या तरुणीने तो भारावून गेला. तिच्यावरून जे चित्र युरोपच्या डोळ्यात बसलं, त्यात भर पडत १८७७ मध्ये नृत्यरचनाकार पेतिपाचा ‘ला बायादेर’ आला: देवदासी, फकीर, राजा, अफू. आजही हा बॅले जगभर होतो. आपल्याकडच्या माणसांना बॅलेने कोणतं खातं दिलं, हे पाहायचं असेल तर तो पाहावा.

त्याच ‘बायादेर’मध्ये छायांचा प्रवेश आहे. पांढऱ्या वेषातल्या चोवीस किंवा बत्तीस नर्तकी एकामागून एक उतारावरून खाली येतात, सगळ्या एकच पवित्रा घेत. तिथे एकीची उंची निराळी असली की रांग मोडते, हे डोळ्यांना कळतं. पण सारखेपणाची ही गरज कुठवर ताणायची? क्लोए लोपेस गोमेस या नर्तकीच्या बाबतीत हे उघड्यावर आलं. बर्लिनच्या सरकारी बॅले कंपनीत २०१८ मध्ये दाखल झालेली ती पहिली कृष्णवर्णी नर्तकी. ‘स्वान लेक’साठी अंगाला पांढरी पूड लाव, असं तिला सांगितलं गेलं. तिने २०२० मध्ये ते जाहीर केलं, आणि पुढच्या वर्षी कंपनीला तिच्याशी तडजोड करावी लागली. अमेरिकेत मिस्टी कोपलँडने तेराव्या वर्षी बॅले सुरू केलं, तिची अंगकाठी भरलेली, उंची पाच फूट दोन इंच. २०१५ मध्ये ती अमेरिकन बॅले थिएटरची प्रमुख नर्तकी झाली. त्या जागी पोहोचलेली ती पहिली आफ्रिकन-अमेरिकन स्त्री. कातडीच्या रंगाने रांग मोडते, असं कोणताही लंबक म्हणत नाही.

मराठी रंगभूमीला हे परकं वाटायचं कारण नाही. मालवण-कुडाळकडच्या दशावतारात नट कंपनीत आला की तो राजपार्टी, खलपार्टी की स्त्रीपार्टी, हे लवकरच ठरतं, आणि गावोगाव तो त्याच नावाने ओळखला जातो. तमाशाच्या गौळणीत मावशी आणि पेंद्या यांची अंगं ठरलेली आहेत. आणि बालगंधर्व! नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म १८८८ चा. वयाच्या सतराव्या-अठराव्या वर्षी किर्लोस्कर मंडळीत शकुंतला होऊन उभे राहिले, मग ‘मानापमान’ची भामिनी, ‘स्वयंवर’ची रुक्मिणी, ‘एकच प्याला’ची सिंधू. भरताच्या भाषेत ही रूपानुरूपा. बायकांनी त्यांच्यावरून पातळ नेसण्याच्या तऱ्हा उचलल्या. पन्नाशीकडे अंग सुटलं, तरी प्रेक्षकांनी डोळ्यांपुढची रुक्मिणी सोडली नाही. १९३५ मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’त ते संत एकनाथ झाले. पुरुष, आणि तोही संत. लोकांना ते पचलं नाही. दोन वर्षांनी ते पडद्यावर पुन्हा आले ते मीराबाई होऊन. गेर्द्त पन्नाशीत राजपुत्र, बालगंधर्व पन्नाशीत राजकन्या. प्रेक्षकाच्या डोळ्यातलं चित्र देहापेक्षा जास्त टिकतं, याचा याहून ठसठशीत पुरावा मला ठाऊक नाही.

बालगंधर्वांना या साच्याने निदान देवपण दिलं. गणपत पाटलांना त्याने काय दिलं? कोल्हापूरचा हा गुणी नट. तमाशापटातला नाच्या त्यांनी असा उभा केला की निर्मात्यांना दुसरं काही सुचेना. चित्रपटामागून चित्रपट तीच लचक, तोच टाळीचा हात. घरी ते चारचौघांसारखे संसारी गृहस्थ, पण रस्त्यात लोक त्यांच्याकडे नाच्या म्हणूनच पाहत, आणि त्याची झळ घरच्यांनाही लागली. २००८ मध्ये ते गेले. त्यानंतर दोन वर्षांच्या आत आनंद यादवांच्या कादंबरीवरचा ‘नटरंग’ आला. त्यातला गुणा कागलकर पैलवानी अंगाचा, मनात राजा करायचं घेऊन निघालेला, आणि फडाला नाच्या हवा म्हणून स्वतःचं अंग झिजवत नेणारा. ती भूमिका करताना अतुल कुलकर्णींनीही आधी अंग कमावलं, मग उतरवलं. साच्यात बसवण्यासाठी देह तासावा लागतो, ही गोष्ट मराठी प्रेक्षकाने बॅलेचं नावही न घेता पाहिली.

साचा मोडायचा एक जुना उपाय आहे, अंगच झाकून टाकण्याचा. शांती बर्धन यांच्या लिटल बॅले ट्रूपने १९५३ च्या सुमारास मुंबईत ‘रामायण’ बसवलं ते कठपुतळ्यांच्या रूपात. तोंडाला मुखवटे, चौकोनी पोशाख, हालचाली दोऱ्यांनी ओढल्यासारख्या. राम कोण आणि राक्षस कोण हे मुखवटा सांगणार, आतल्याची कंबर नव्हे. उल्हासनगरमध्ये दुसरा उपाय आहे. फाळणीनंतर कल्याण कॅम्पात वसलेल्या, आणि १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव मिळालेल्या या शहरात सिंधी लोकांनी आपली भगत ही लोककला आणली. घोळदार जामा, पगडी, पायात घुंगरू घालून उभा राहणारा भगत गातो, नाचतो, गोष्ट सांगतो, सगळी पात्रं स्वतःच होतो. त्याच्या पोटाकडे कोणी पाहत नाही. आवाज चढतो का आणि लोक रडतात का, एवढंच पाहतात.

आता अंबरनाथ-उल्हासनगरच्या या भागातल्या आजच्या वर्गांकडे या. बदलापूरला संध्याकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये किंवा शाळेच्या वरच्या मजल्यावर नाचाचा क्लास भरतो. कथ्थक, भरतनाट्यम गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांसाठी. ‘वेस्टर्न’ आणि बॉलिवूड गॅदरिंगसाठी. परीक्षेच्या अर्जात उंची-वजनाचा रकाना नसतो. गॅदरिंगला मात्र असतो, फक्त तो टीचरच्या मनात असतो. गौळण बसवायची आहे. टीचर मुलींना भिंतीशी उंचीप्रमाणे उभ्या करतात, फरशीवर चिकटपट्टीच्या खुणा, मोबाईलवर गाणं. दोन मिनिटांत वाटणी होते. उजळ, सडपातळ मुलगी राधा. सर्वांत छोटी चुणचुणीत कृष्ण. उंच दोघी मागच्या रांगेत. जाडसर मुलगी हसरी असेल तर मावशी, नसेल तर मागच्या रांगेत कडेला. दारात उभ्या आयांपैकी एक म्हणते, “टीचर, हिची उंची कमी आहे हो, हिला पुढे घ्या ना.” दुसरी काही म्हणत नाही. तिची मुलगी मावशी झालेली असते.

टीचरनी यात केलेल्या निवडींपैकी काही बिनतोड आहेत. उंच मुली मागे, नाहीतर लहान दिसणार नाहीत. कृष्णाला उचलायचं आहे, म्हणून तो हलका हवा. हा हाडाचा हिशेब. राधा उजळ का, मावशी जाड का, याला हाडाचा हिशेब नाही. ती अंबरनाथच्या भिंतीवरून, कॅलेंडरवरून आणि पडद्यावरून आलेली सवय आहे.

याच भागात श्रावणात देहावरून काम वाटण्याची एक वेगळी रीत दिसते. दहीहंडीच्या थरात तळाला दणकट, वर मध्यम, शेंड्याला हलका गोविंदा. २०१२ मध्ये ठाण्यात जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने नऊ थर लावले, तेव्हा उंची गेली ४३ फुटांवर. चौदा वर्षांखालच्या मुलांना थरावर चढवायचं नाही असं राज्याने २०१७ मध्ये न्यायालयात मान्य केलं, तेव्हापासून शेंड्याचा गोविंदाही वयाने वाढला आहे. पथकात अंगकाठीवरून जागा ठरते, पण तळाच्या थराला कोणी विनोदी खातं समजत नाही. उलट तो खचला तर सगळे खाली, हे प्रत्येकाला ठाऊक असतं.

इथल्या एखाद्या मुलाला खरंच बॅलेच शिकायचं असेल तर? बदलापूर ते सीएसएमटी लोहमार्गाने अडुसष्ट किलोमीटर. बॅलेचे जुने वर्ग दक्षिण मुंबईत. तुष्ना डल्लास यांची शाळा १९६० च्या दशकापासून तिथे चालत आली आहे. नवी मुंबईतल्या वेल्डरचा मुलगा अमिरुद्दीन शाह आणि टॅक्सीचालकाचा मुलगा मनीष चौहान हे दोघे मुंबईत येहुदा माओर या इस्रायली-अमेरिकी गुरूच्या हाताखाली तयार झाले. दोघेही कोलांट्या आणि बी-बॉइंगमधून आलेले, दहाव्या वर्षी खुबा तपासून घेण्याची संधी हुकलेले. अमिरुद्दीन २०१७ मध्ये लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये गेला. सुनी तारापोरवालांनी २०२० मध्ये त्यांच्यावरून ‘ये बॅले’ हा चित्रपट केला आणि त्यात मनीषने स्वतःवर बेतलेलं पात्र केलं. उशिरा सुरुवात केलेल्या, कोलांट्यांत तयार झालेल्या अंगाला बॅले सहसा गुलाम, विदूषक, सोन्याची मूर्ती अशी पात्रं देतं. ‘बायादेर’मधली ती सुवर्णमूर्तीही रशियात १९४८ मध्ये घातली गेली, मूळ बॅलेत नव्हती. उंच उड्या मारणाऱ्या एका नर्तकासाठी ते पात्र जन्माला आलं. देहावरून पात्र ठरतं, तसं देहासाठी पात्र घडवताही येतं, हे त्यातून दिसतं.

म्हणून यंदाच्या गॅदरिंगची यादी लागेल तेव्हा टीचरशी भांडू नका, फक्त विचारा: हिला मागे उभं केलं ते उंचीमुळे का? उत्तर हो आलं तर मुकाट्याने मान्य करा. उत्तर देताना टीचर अडखळल्या तर एकदा तालमीत मावशीला राधा करून पाहायची विनंती करा. गाणं तीन मिनिटांचं असतं, तेवढा वेळ कोणत्याही टीचरकडे निघतो.